मागे तोंड केलेली सीट

बहरीनमध्ये आगगाडी नाही. रूळ नाही, सिग्नल नाही, फलाट नाही. रावजी ज्या गावचा, त्या देवगडकडच्या गावातही तेव्हा आगगाडी नव्हती, तिथे एस.टी. आली तरी पोरं धावत सुटायची. आणि तरीही हा रावजी चार वर्षं, दर शुक्रवारी, एका आगगाडीचा ड्रायव्हर होता आणि गार्डही तोच होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावला असता. आणि तसंही, रावजीला सांगायला माणूस होता कुठे!

अगदीच नव्हता असं नाही. मुहर्रकमध्ये एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत तो राहायचा आणि खोलीत जोडीला वसईचा डेनिस होता. डेनिस विमानतळावर कामाला. त्याची शिफ्ट अशी विचित्र की रावजी उठायचा तेव्हा डेनिस तोंडावर चादर ओढून झोपलेला असायचा, आणि रावजी परतायचा तेव्हा डेनिस नुकताच बाहेर पडलेला असायचा. दोघांची धड गाठ पडायची ती ईदला नाहीतर नाताळला. डेनिस चहा करून अर्धा टोपात ठेवून जायचा. गार झालेला तो चहा रावजी गरम करून प्यायचा. त्यांची मैत्री म्हणायची ती एवढीच.

रावजी पंचाहत्तर साली इथे आला. आधी सिमेंटचा ट्रक चालवला, मग अठ्ठ्याहत्तरमध्ये मनामातल्या एका लहानशा जपानी कंपनीच्या ऑफिसात ड्रायव्हर म्हणून लागला. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या कारखान्यांना पंप विकायचे, हा त्या कंपनीचा धंदा. साहेबाचं नाव ओकुदा. बाकीचे त्याला ओकुदासान म्हणत. सान म्हणजे आपलं राव किंवा साहेब, हे रावजीला कुणीतरी समजावलं होतं. तरी नुसतं सान म्हटल्याने मान दिल्यासारखा वाटेना, म्हणून तो सरळ ‘ओकुदासानसाहेब’ म्हणायचा. साहेबानेही कधी दुरुस्त केलं नाही.

गाडी होती टोयोटा क्राउनची स्टेशन वॅगन. लांबलचक, सायीच्या रंगाची, दोन्ही अंगांना लाकडासारखा दिसणारा पट्टा. सामान ठेवायच्या जागेत एक घडीची सीट होती. ती उभी केली की बसणाऱ्याचं तोंड मागच्या काचेकडे. पोराटोरांना बसवायला केलेली ती सीट, मोठा माणूस तिथे बसला तर त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे.

पहिल्याच शुक्रवारी साहेबाने फिरायला जायचं म्हटलं. रावजीने अदबीने मधलं दार उघडून धरलं. ओकुदासान त्या दाराला वळसा घालून गाडीच्या मागे गेला, मागचं दार स्वतः उघडलं, घडीची सीट उभी केली आणि आत चढून बसला, पाठ रावजीकडे करून. आपलं तोंडसुद्धा बघवेना असं आपण काय केलं, ते रावजीला कळेना. अवालीपर्यंत जाऊन येईतो त्याची मान आखडून गेली. आरशात बघावं तर साहेबाची पांढरी कापडी टोपी आणि तिच्यापलीकडे लांब होत जाणारा रस्ता.

उलगडा झाला तो ऑफिसातल्या कॅलेंडरमुळे. जपानहून आलेलं कॅलेंडर, दर महिन्याला आगगाडीचं एक चित्र. एका पानावर बर्फाच्या डोंगराखालून सुसाट निघालेली पांढरीनिळी गाडी, दुसऱ्यावर समुद्राकाठचा पूल. ओकुदासानला त्यातलं एकच पान आवडायचं. महिना उलटला तरी तो ते पान बदलू देत नसे. त्यात बर्फात अर्धं बुडालेलं एक लाकडी स्टेशन होतं, दुसरं काही नाही. एकदा रावजी चहा घेऊन गेला तेव्हा साहेबाने त्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “माय फादर.” रावजीने चित्रात नीट शोधलं. माणूस कुठेच नव्हता.

दोघांचं इंग्रजी सारखंच तोडकं, त्यामुळे गोष्ट पुरी व्हायला दोन-चार चहा लागले. ओकुदासानचा बाप असल्याच एका आडबाजूच्या स्टेशनावर मास्तर होता. आई लवकर गेली, पोर स्टेशनातच वाढलं. गार्डाच्या ओळखीने शेवटच्या डब्यात बसून पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि उलट गाडीने परत यायचं, हा त्याचा खेळ. शेवटच्या डब्याच्या मागच्या खिडकीतून त्याला बाप दिसायचा. हातात पांढरे मोजे, हात टोपीला लावलेला, ताठ उभा. गाडीत कुणी चढो न चढो, शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत मास्तरने हलायचं नाही, अशी तिकडची शिस्त. “स्मॉल, स्मॉल,” असं म्हणत ओकुदासानने अंगठा आणि बोट जवळ आणून बाप केवढा होत जायचा ते दाखवलं. “बट स्टँडिंग.”

बाप आता थकला होता आणि तो रेल्वेचा फाटाच बंद करायचं तिकडच्या सरकारच्या मनात होतं. हे सांगून साहेबाने चहा संपवला आणि पुन्हा पंपांच्या कागदांत डोकं घातलं. रावजीला उगीचच त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं.

तेव्हापासून शुक्रवारची फेरी ही रीतसर आगगाडी झाली. मनामा, सनद, रिफा, अवाली, आणि शेवटी जल्लाकचा समुद्र, अशी स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबायची. ओकुदासान उतरून थोडा वेळ उभा राहायचा, चढायचा, आणि मग रावजीने गार्डाचं काम करायचं. ते काम साहेबाने नीट शिकवलं होतं. हात सरळ ताणायचा, बोट रोखायचं आणि जे दिसतंय ते मोठ्याने बोलायचं. नुसतं बघितलं तर डोळे फसवतात, तोंडाने हाक दिली की डोळे जागे राहतात. जपानात सगळे रेल्वेवाले असंच करतात म्हणे. रावजीने “डोअर क्लोज” म्हणून पाहिलं तर साहेबाने नाही म्हणून मान हलवली. तुझ्या घरच्या भाषेत बोल, म्हणाला. परक्या भाषेत तोंड बोलतं आणि डोळे झोपतात.

मग रावजी आपल्या मालवणीत हाक द्यायला लागला. मागचं दार लावायचं, दोन पावलं मागे सरायचं, कडीकडे बोट रोखायचं, “दार बंद!” मग काचेतून दिसणाऱ्या साहेबाकडे बोट, “मागे माणूस आसा!” मग स्टिअरिंगकडे. पहिल्यांदा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सनदच्या रस्त्यावर कमालचं कोल्ड स्टोअर, म्हणजे किराणा नि थंड बाटल्यांचं दुकान होतं. कमाल दुकान सोडून बाहेर आला, दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला आणि म्हणाला, “दोनो मजनून!” म्हणजे दोघेही वेडे. पण पुढे त्यालाही सवय झाली. गाडी आली की तो दोन पेप्सी काढून ठेवायचा आणि रावजीची हाक झाली की आतून “यल्ला!” म्हणून हिरवा सिग्नल द्यायचा.

आठवडाभर रावजीच्या तोंडून निघणारं एकुलतं एक मोठं बोलणं म्हणजे ह्या हाका. बाकी सहा दिवस येस सर, नो सर, इंशाल्ला. माणूस अशाने आतून गंजतो. रावजीही गंजत चालला होता, पण त्याचं कारण नुसती परकी जागा नव्हती.

ऐंशी सालच्या रजेत एक गोष्ट घडली होती. घडली म्हणजे कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. तेच तर झालं. जेवायच्या वेळी रावजीचं ताट बाहेर ओटीवर, पाट मांडून, सगळ्यांच्या आधी. घरातली माणसं मागाहून आत चुलीपाशी बसायची, तिथून हसण्याचे आवाज यायचे. रत्नाबाई, त्याची बायको, वाढायला बाहेर आली की पदर सावरून गप्प व्हायची आणि आत गेली की तिचं बोलणं सुरू व्हायचं. परसातला गडगा ढासळला होता, तो रचायला रावजी दगड उचलू लागला तर धाकटा भाऊ महादेव धावत आला. “दादा, तू कित्याक? तू बस. चार दिवस इलेलो माणूस तू.” नवी चादर, नवा टॉवेल, चहा कपबशीतून, बाकीचे पेल्यातून पीत. आणि एका दुपारी पाच वर्षांची लेक आईला हळूच विचारत होती ते त्याने ऐकलं, “आये, ह्ये कधी जातले?” पोरीच्या मनात काही नव्हतं. ओटी अडल्यामुळे तिला खेळायला जागा नव्हती, एवढंच.

रावजीने रजा निम्मी असताना बॅग भरली. घरी सांगितलं, कंपनीने बोलावलंय. कंपनीत सांगितलं, घरी करमत नव्हतं. दुसरं बोलणं खरं होतं, पण सगळ्यांनी ते थट्टेवारी नेलं.

तिठ्यावर एस.टी.त चढताना त्याने मागे पाहिलं नाही. ते तो कधीच पाहत नसे. घराबाहेर पडलेल्याने वळून बघू नये, वाटेत अडचणी येतात, असं आईने लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. रत्नाबाई पोचवायला यायची. गाडी हलली की तीही वळून गोठ्याच्या कामाला लागत असणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पाहुणा गेला की माणूस आणखी काय करतं?

ब्याऐंशी साली पुन्हा रजा आली. जातोस की राहतोस, ते शनिवारी सकाळी ऑफिसात सांगायचं होतं. राहतो म्हणायचं असं रावजीने जवळजवळ ठरवलं होतं. आणि हेही त्याला पक्कं ठाऊक होतं की यंदा गेलो नाही तर पुढे कधीच जाणार नाही. मग महिन्याच्या महिन्याला आपली मनीऑर्डर घरी जाईल, आपण जाणार नाही. एवढी मोठी गोष्ट, पण कुणापाशी बोलायची? डेनिस झोपलेला.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशीचा शुक्रवार. गाडी सनदला थांबली, पेप्सी झाली. ओकुदासानने टोपी काढून घडीच्या सीटच्या पाठीवर अडकवली, रिकाम्या बाटल्या उचलल्या आणि त्या परत द्यायला तो कमालच्या दुकानात वळला. रावजीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याने आत न बघताच मागचं दार धाडकन लावलं, सीटवर येऊन बसला आणि गाडी सोडली. बोट नाही, हाक नाही, काही नाही.

आणि रस्त्याला लागल्यावर त्याला कंठ फुटला. समोर सरळ रस्ता, मागे पाठ करून बसलेला माणूस, आरशात पांढरी टोपी. तोंड बघायचं नसलं की बोलणं सोपं जातं. “ओकुदासानसाहेब,” तो म्हणाला, “माका तुमका एक सांगाचा आसा.” आणि बोलत सुटला. थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत, बहुतेक मालवणीत. ओटीवरचं ताट सांगितलं, कपबशी सांगितली, महादेवाने हातातून काढून घेतलेला दगड सांगितला. लेकीचं बोलणं सांगताना आवाज फाटला, तरी थांबला नाही. रिफाला गाडी थांबवायची तेही विसरला. “माझ्याच घरात मी पावणो, साहेब! माझी वाट बघणारा कोणच नाय. मगे मी जाव कित्याक, तुमीच सांगा!”

साहेब काही बोलला नाही. तो ऐकतोय, एवढ्यानेच रावजीला हलकं वाटलं. अवालीला गाडी थांबवून तो डोळे पुसत मागे गेला, दार उघडलं. सीटवर नुसती टोपी होती.

आपण सनदला हाक दिली नाही हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग त्याने गाडी जी वळवली ती सनद येईपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही.

ओकुदासान होता तिथेच उभा होता. उघड्या डोक्याने, भर उन्हात, हात अंगाशी, ताठ. चेहरा लालबुंद. बाजूला कमाल छत्री धरून वैतागलेला. “अरे, साब को छोडके किधर भागा तू? हम बोला अंदर बैठो, पंखा है. मफी, बिलकुल नहीं! सुनताच नहीं!”

रावजी साहेबाच्या पाया पडायलाच निघाला. ओकुदासानने त्याला दंडाला धरून उभा केला. “ट्रेन गो,” तो म्हणाला, “समबडी मस्ट स्टँड.” गाडी गेली तर कुणीतरी उभं राहायला नको? इतकं साधं होतं त्याचं म्हणणं. मग त्याने रावजीचे सुजलेले डोळे पाहिले आणि काय झालं, असं हातानेच विचारलं.

“बोललंय साहेब,” रावजी म्हणाला. “सगळा बोललंय. टोपीवांगडा.” आणि पुन्हा रडायला लागला. आयुष्यात एकदाच मन उघडं केलं आणि तेही टोपीपुढे, याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

ओकुदासानला शब्द कळले नाहीत, पण टोपीकडे दाखवलेलं बोट कळलं. त्याने हात पुढे करून किल्ली मागितली. आपल्या देशात तो गाडी चालवायचा, इथे रस्त्याची बाजू उलटी म्हणून कधी हात लावला नव्हता. रावजी नको नको म्हणत असताना त्याने त्याला त्या घडीच्या सीटवर बसवलं, मांडीवर टोपी दिली आणि दार लावलं. दोन पावलं मागे सरला. हात ताणला.

“दारु बंदु!” ओकुदासान ओरडला. मग काचेतून रावजीकडे बोट रोखून, चार वर्षं ऐकलेलं ते सगळं बळ लावून ओरडला, “मागे मानुस आसा!”

कमाल हसला नाही. यल्ला म्हणायलाही विसरला.

बैलगाडीच्या चालीने वॅगन निघाली. मागचे हॉर्न वाजवून ओलांडून जात होते. रावजीने इतकी वर्षं गाडी चालवली ती समोर येणारं बघत; मागे राहतं ते किती वेळ दिसत राहतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. कमाल छत्री घेऊन उभाच होता. लहान लहान होत गेला, पण होता. मग रावजीने सगळं पुन्हा सांगितलं, मागच्या रस्त्याकडे बघत, या खेपेला सावकाश.

ओकुदासानने मधे एकदाच विचारलं. “बस गो, युवर वाइफ स्टँड?”

“आय डोंट नो, सर. मी मागे बघत नाय.” आणि का बघत नाही, ते आईचं सांगणं त्याने कसंबसं इंग्रजीत बसवलं.

साहेबाने विचार केला. “ड्रायव्हर नो लुक बॅक. गुड,” तो म्हणाला. “बट इन बस, यू पॅसेंजर. सिट लास्ट सीट.”

शनिवारी रावजी ऑफिसात “जातो” म्हणाला.

गावी काही चमत्कार झाला नाही. ताट ओटीवरच मांडलं गेलं, चहा कपबशीतूनच आला. आठवड्याने एके दिवशी रावजी आपलं ताट उचलून चुलीपाशी जाऊन बसला. रत्नाबाईने थोडं सरकून जागा केली. लेक त्याच्याशी जपूनच बोलायची. या खेपेला त्याने रजा पुरी केली, पण निघायच्या दिवशी छातीवर तोच धोंडा होता.

तिठ्यावर रत्नाबाई आली होती. “सांभाळून जावा,” एवढंच म्हणाली. रावजी एस.टी.त चढला आणि पुढे जागा असताना सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसला. गाडी हलली. आई डोळ्यांपुढे आली. तिची मनातल्या मनात माफी मागून त्याने मान वळवली.

रत्नाबाई उभी होती. गोठ्याकडे वळली नव्हती. धुळीतून दिसत राहिली, वळण येईपर्यंत. वळणावर झाडी आडवी आली आणि ती दिसेनाशी झाली. रावजीने सुस्कारा सोडला. एवढंही पुष्कळ होतं.

एस.टी. उतरणीने व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, गेली आणि पलीकडची घाटी चढायला लागली. तिथून गावाचा सडा, म्हणजे वरचा उघडा कातळमाळ, दिसतो. सड्याच्या कडेला, आंब्याच्या दोन कलमांच्या मधल्या फटीत, एक लाल लुगडं येऊन उभं राहिलं. ती तिठ्यावरून पायवाटेने धावत वर आली होती. घाटी चढणारी गाडी सबंध सड्यावरून त्या एका फटीतूनच काय ती दिसते, आणि ती सरळ तिथेच येऊन उभी राहिली होती, कुठे शोधत नव्हती, इकडेतिकडे बघत नव्हती. पहिल्यांदा आलेल्या माणसाला ती जागा सापडली नसती. म्हणजे गेल्या खेपेलाही. त्याच्या आधीही. इतकी सगळी वर्षं ती इथे येऊन उभी राहत होती आणि तो समोरच्या बाकाची पाठ बघत बसला होता.

त्याचा हात आपोआप ताणला गेला. बोट मागच्या काचेवर रोखलं गेलं आणि भरल्या एस.टी.त तो जिवाच्या आकांताने ओरडला, “मागे माणूस आसा!”

कंडक्टरला वाटलं, कुणी गाडीमागून धावत येतंय. त्याने दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी घाटीच्या मध्यावर कचकन थांबली. “खय आसा माणूस?” कंडक्टर मागे येऊन वाकून बघू लागला. रस्ता रिकामा होता. रावजीने सड्याकडे बोट दाखवलं. कंडक्टरने तिकडे पाहिलं, मग रावजीकडे पाहिलं, आणि तोंडात आलेली शिवी गिळून टाकली. डबल बेल द्यायला त्याने जरा उशीरच केला.

त्या चढणीवर एस.टी. पूर्वी कधी थांबली नव्हती. सड्यावरच्या बाईने ती थांबलेली पाहिली आणि हात वर केला.